माउंटला तडा गेलाय, वेल्डिंग मारून घेऊ का?

घरी बांधलेल्या विमानांविषयी येणाऱ्या पत्रांत इंजिन माउंटचा, म्हणजे इंजिन विमानाला धरून ठेवणाऱ्या पोलादी पाइपांच्या सांगाड्याचा, प्रश्न हटकून असतो. पावसाळा सरला आणि काउलिंगं (इंजिनावरची झाकणं) उघडली की तर जास्तच. गोंधळ दर वेळी तोच, म्हणून या वेळी सगळी उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न : पावसाळाभर विमान झाकून होते. आता माउंटच्या एका वेल्डजवळ बारीक तपकिरी रेघ दिसते. रंगाचा ओरखडा असेल का? (गंगापूर रोड)

असेलही, पण तसे गृहीत धरू नका. तड्यात ओल शिरते, आतला गंज पाझरतो आणि रंगावर अशीच रेघ उमटते. तडा बहुधा वेल्डच्या मधोमध नसतो. वेल्ड संपून पाइप सुरू होतो त्या कडेला असतो, कारण तिथे जाडी एकदम बदलते आणि धातूही तापून बदललेला असतो. तीन-चार पाइप एकत्र येणारे सांधे आणि फायरवॉलच्या (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीच्या) बोल्टाजवळची जागा आधी बघा. पुढचे चाक माउंटलाच जोडलेले असेल तर त्याच्या जोडाभोवती दोनदा बघा. टॉर्च तिरका धरा, दहापट भिंग घ्या, पाइपच्या मागच्या बाजूसाठी छोटा आरसा घ्या.

शंका उरली तर डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट, म्हणजे तड्यात रंगीत डाय शिरवून तो शोधणे. त्यासाठी रंग केमिकल रिमूव्हरने काढा. सँडब्लास्टिंगने धातू लोटला जाऊन तड्याचे तोंड बंद होते, मग लाल डाय आत शिरत नाही आणि तुम्ही खुशीत घरी जाता. जादा डाय पुसताना क्लीनर फडक्यावर घ्या. थेट पाइपवर फवारलात तर तड्यातलाही डाय धुऊन निघेल. माउंट पोलादी असल्याने मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टही (चुंबकत्व देऊन लोहकणांनी तडा शोधणे) चालते. वाहनांचे पार्ट बनवणाऱ्यांना ती नवी नाही. फक्त नंतर डीमॅग्नेटाइझ करून घ्या, नाहीतर होकायंत्र भलतीच दिशा दाखवेल. निकाल वाचायला मात्र लायसन्सवाला एएमई (विमान देखभाल अभियंता) शेजारी हवा.

प्रश्न : तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले की तो पुढे सरकत नाही ना?

माउंटच्या पाइपला भोक पाडायचे नाही. ती युक्ती पत्र्याची, आणि तिथेही ती पक्की दुरुस्ती नव्हे.

प्रश्न : मामा ओझरला एचएएलमध्ये (सरकारी विमान कारखान्यात) होते. ते म्हणतात, वेल्डिंगने पाइप कडक होतो, त्यापेक्षा पितळेचे ब्रेझिंग करा. (सिन्नर)

मामांना नमस्कार सांगा. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१साठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-३० एमकेआय तयार झाली. त्या इंजिनांना आपल्यासारखा पाइपांचा पिंजरा नसतो, तेव्हा ओझरचे नाव इथे पुरावा म्हणून चालणार नाही. ताणाखालच्या गरम पोलादात वितळलेले पितळ कणांच्या सीमांमधून आत शिरते आणि ते ठिसूळ करते. शिवाय ब्रेझ केलेल्या जागेवर पुन्हा धड वेल्डिंग करता येत नाही. असे आधी कोणी केले असेल तर तो तुकडा कापूनच काढावा लागेल.

प्रश्न : अंबडचा एक फॅब्रिकेटर इंजिन न उतरवता अर्ध्या तासात अर्गॉन वेल्डिंग मारून देतो म्हणतो. ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ पाइपही त्याच्याकडेच आहे. करून घेऊ का?

हे पत्र मला दर हंगामात येते, फक्त फॅब्रिकेटर बदलतो. त्याच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. गेट आणि ग्रिल तो उत्तम करत असेल. पण इंजिन जागेवर ठेवून वेल्डिंग केले की करंट बेअरिंगांतून आणि इग्निशनमधून वाट शोधू शकतो. शेजारी पेट्रोलची नळी असते आणि पाइपच्या मागे वेल्डिंगचा टॉर्च पोचतच नाही. म्हणजे समोरून सुंदर, मागे अर्धवट.

आता धातूकडे या. माउंट बहुधा ४१३० क्रोमोलीचा असतो : कार्बन साधारण ०.३ टक्के, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास, थोडे मॉलिब्डेनम. पाइपची भिंत बऱ्याचदा जेमतेम ०.९ ते १.२५ मिलिमीटर. हे पोलाद झटकन थंड केले की कडक आणि ठिसूळ होते, आणि आपल्याकडे वेल्ड झाला रे झाला की त्यावर ओले फडके टाकायची सवय! वारा न लागता ते आपोआप निवू द्यायचे असते. पाइपच्या आत गंज रोखायला जवसाचे तेल सोडलेले असेल तर त्याचा धूर वेल्ड फोडून बाहेर येतो.

तड्यावर नुसता वेल्डचा थर चढवणे ही दुरुस्ती नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाचे १९९८चे एसी ४३.१३-१बी हे परिपत्रक माउंटसाठी सर्वोच्च दर्जाचेच वेल्डिंग मागते, कारण कंपनांनी बारीकसा दोषही वाढत जातो. खराब तुकडा काढून उरलेल्या बुंध्यावर मोठ्या व्यासाचा पाइप बसवायचा, त्याची टोके माशाच्या तोंडासारखी कापायची आणि रोझेट वेल्डही (बाहेरच्या पाइपला भोक पाडून त्यातून आतल्याला केलेले वेल्ड) घालायचे, ही त्यातली पसंतीची पद्धत. टोक सरळ कापले तर तापलेला कमकुवत पट्टा एकाच वर्तुळात येतो. कापण्याआधी माउंट जाड प्लेटच्या जिगवर (आकार पक्का धरणाऱ्या साच्यावर) बोल्टने आवळलेला हवा. अनेक विमानांत इंजिनाचा अक्ष मुद्दाम अंश-दोन अंश वळवलेला असतो. वेल्डिंगमध्ये माउंट ओढला गेला की तो हिशेब बिघडतो आणि बोल्टही जबरदस्तीने घालावे लागतात.

राहिला ‘एअरक्राफ्ट ग्रेड’. हे शब्द पाइपवर कोणीही मार्करने लिहू शकतो. मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) पाइपवरच्या नंबरशी जुळवा. दुकानदार ‘साहेब, विश्वास ठेवा’ म्हणाला तर पाइप तिथेच ठेवा. पहिला फोन मात्र किट बनवणाऱ्या कंपनीला करा. त्यांच्याकडे त्या सांध्याची सूचना किंवा सुधारित माउंट असू शकतो. दुरुस्ती करायचीच ठरली तर ती विमानाचे काम करणाऱ्या पात्र वेल्डरकडून करून घ्या. तपासणी एएमईची आणि नोंद लॉगबुकात.

प्रश्न : पावडर कोटिंग करून घेतले तर ‘आयुष्यभर बघायला नको’ असे कोटिंगवाला सांगतो.

त्याच्या आयुष्यभर असेल. जाड, लवचीक कोटिंगखाली तडा लपून वाढतो. फिकट रंगाचा पातळ थर द्या, म्हणजे गंजाची रेघ लगेच डोळ्यात भरेल.

प्रश्न : गेल्या वर्षी रीतसर दुरुस्ती केली, तरी त्याच जागी पुन्हा तडा.

मग दोष माउंटमध्ये शोधत बसू नका. रबराचे डॅम्पर दबून कडक झालेत का? प्रोपेलरचे डायनॅमिक बॅलन्सिंग कधी केले होते? रोटॅक्स ९१२ असेल तर दोन्ही कार्ब्युरेटर सिंक आहेत का, म्हणजे एकसारखे चालतात का? एक्झॉस्ट कुठे घासतो का? केबल बांधायचे प्लॅस्टिकचे झिप टाय तर सगळे काढाच. त्याखाली धूळ बसते आणि कंपनाने पोलादी पाइपलाही खाच पडते, तिथूनच तडा सुरू होतो. रबरी गादीचे क्लॅम्प वापरा. मध्ये कधी जोरात लँडिंग झाले किंवा प्रोपेलर कशाला लागला असेल, तर ते एएमईला लपवून ठेवू नका. कारण सापडेपर्यंत तिसऱ्यांदा वेल्डिंग नको.

प्रश्न : तडा केसाएवढाच आहे. रविवारी मित्राला एकच फेरी मारून आणायची आहे.

नाही. काउलिंग उघडेच ठेवा आणि सोमवारची वाट न बघता आजच एएमईला फोन करा.