चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून लाईटबिल वाढतं का? वीज वाचवायचे सोपे उपाय कोणते?

तुम्ही लिहिलंय की घरात तुमच्या चार्जरवर घसरतात. चार्जरचं आधी उरकते. मोबाईल न लावता नुसता लटकलेला चार्जर महिनाभरात अर्धा युनिटही खात नाही. काढून ठेवलात तर चांगलंच, पण त्यानं बिल कमी होईल म्हणणाऱ्यानं कधी मीटर बघितलेलं नसतं.

हा प्रश्न वाचून डोक्यात जुनी तिडीक गेली, कारण आमच्या घरी तुमच्या चार्जरच्या जागी माझं शिलाई मशीन होतं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. वर पत्रे, दोन भाऊ, दोन चुली, मीटर एक. मी घरी बसून युनिफॉर्मच्या शर्टाच्या कॉलरी शिवायचे. आमच्याकडं युनिफॉर्मचं काम घरोघर चालतं. पायाच्या मशीनला छोटी मोटार बसवून घेतली होती. बिल निम्मं निम्मं भरायचो. एका मे महिन्यात २४० च्या वर युनिट पडले. भावजी बिल हातात धरून सासूबाईंसमोर म्हणाले, "ज्याचा कारखाना, त्याचं बिल." म्हणजे दोन हिस्से आमचे, एक त्यांचा. यांनी मान खाली घातली. पैशाचं जाऊ द्या, ती खाली गेलेली मान मला अजून लागते.

मी दहावी नापास, पण पाढे पाठ आहेत. मीटरवर एक लाल दिवा टिमटिमतो, तो बघितलाय का? त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० होता. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल, तो बघून घ्या. हे मला बोळातल्या वायरमननं सांगितलं होतं.

रात्री अकराला लाईट, पंखे सगळे बंद केले. उकाड्यानं पोरं चिडली. जिन्याखाली मोबाईलचं घड्याळ लावून मोजायला बसले. काहीच चालू नाही, तरी दिवा मिनिटाला आठ वेळा लुकलुकतोय. जाऊबाई बाहेर आल्या, "काय करालालीस गं अंधारात?" म्हटलं, ऐका. आणि खरंच, आतून घुर्रर आवाज येत होता. त्यांचा फ्रीज.

आठ गुणिले साठ, ४८०. भागिले ३२००. तासाला ०.१५ युनिट, म्हणजे १५० वॅट. फ्रीज मध्येमध्ये थांबायला पाहिजे, बंद पडून जरा विसावा घ्यायला पाहिजे. हा थांबतच नव्हता. चोवीस तास धरले तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८! मग फ्रीजची पिन काढून नुसतं माझं मशीन चालवलं, मिनिटाला पाच. रोज पाच तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरून बारा युनिट. बारा!

भावजींना कागदावर हिशोब दाखवला. म्हणाले, "मीटरच खराब असेल." पण जाऊबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी दहाची नोट फ्रीजच्या दारात धरली, दार लावलं आणि नोट ओढली. लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. दाराचं रबर गेलेलं, गार हवा रात्रंदिवस बाहेर. शिवाय फ्रीज भिंतीला चिकटून, शेजारी गॅसची शेगडी. मागच्या जाळीला श्वास घ्यायला जागाच नाही. रबर बदललं, फ्रीज वीतभर पुढं ओढला, आणि त्या रात्री पहिल्यांदा तो मध्येच गप्प झालेला ऐकला.

पुढचं बिल पन्नासेक युनिट कमी आलं. भावजी म्हणाले, पाऊस लागला, पंखे कमी चालले म्हणून. त्यात थोडं तथ्य असेलही. पण "चुकलो" हा शब्द काही आला नाही.

म्हणून माझा पहिला उपाय पंख्याचा नाही, मीटरचा आहे. दोन चुली असतील तर मीटर वेगळं करून घ्या. पहिले १०० युनिट स्वस्त असतात, त्याच्या पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो (पुढच्याच युनिटांचा हं, सगळ्या बिलाचा नाही, इथं बरेच जण चुकतात). एका मीटरवर दोन घरं असली की स्वस्तातले १०० दोघांत मिळून एकदाच मिळतात.

बाकीचं पटकन सांगते. पंखा बदला. जुना ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) तीसेक. आमच्याकडं पंखा फेब्रुवारीपासून दिवसरात्र फिरतो, पंधरा तास धरले तरी महिन्याला वीस युनिट वाचतात. पत्र्याला पांढरा रंग द्या, दुपारी खोलीत फरक कळतो. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आत चालूच असतो, त्याचं बटण भिंतीवरून बंद करा. तुमच्या चार्जरपेक्षा तो कितीतरी पट खातो. कोरड्या हवेत कूलर एसीपेक्षा फार कमी विजेत भागवतो, पण त्याला पाणी लागतं, आणि आमच्या नळाला पाणी चार दिवसांनी. मग पाणी आलं की मोटार लावून लोक झोपतात, वरची टाकी वाहत राहते. पाणीही जातं, वीजही.

तुमच्या चार्जरवर कोण घसरतं ते तुम्ही लिहिलं नाही. ज्यांनी बोट दाखवलंय, त्यांच्या खोलीपासून मोजायला लागा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मीटर वेगळं केलं की स्थिर आकार (वीज वापरा न वापरा, दर महिन्याला भरावा लागणारी ठरलेली रक्कम) दोन्हीकडं भरावा लागतो, त्यामुळं एकूण वापर शंभरच्या आतच असेल तर त्या भानगडीत पडू नका. आणि मीटर वेगळं झाल्यावर मी मोठं मशीन घेतलं, क्लच मोटारचं. ती मोटार पाय उचलला तरी फिरतच राहते, कापड बदलताना, चहा पिताना, सगळा वेळ. तेव्हा माझं बिल खरंच फुगलं. शेवटी सर्वो मोटार बसवली, ती शिवतानाच फिरते. हे मी भावजींना अजून सांगितलेलं नाही.