शांत बसायला कोणी शिकायचे?

प्रिय ताई,

तुमचा २४ वर्षांचा भाऊ ऑटिस्टिक आहे, म्हणजे भोवतालचे जग जाणण्याची आणि इतरांशी संवाद साधण्याची त्याची रीत मुळातच वेगळी आहे, आणि घराबाहेरची त्याची एकमेव आवडती जागा म्हणजे वाचनालय. तिथे खुर्चीत पुढेमागे झुलण्याची आणि हलकेच गुणगुणण्याची त्याची सवय काही वाचकांना खटकू लागली, तेव्हा ग्रंथपालांनी ‘शांत बसता येत असेल तरच त्याला आणा’ असे तुम्हाला सुनावले. त्याला शांत बसायला कसे शिकवावे, असे तुम्ही विचारता. हा प्रश्न काळजीपोटीच आला आहे हे मला समजते, तरीही त्याचे उत्तर मी देणार नाही, कारण त्यात बदलण्याची सगळी जबाबदारी तुमच्या भावावरच टाकलेली आहे.

झुलणे ही त्याची खोड नाही. वाचनाच्या खोलीत नळीदिव्याची लुकलुक असते, पंख्याची घरघर असते, फरशीवरून ओढलेल्या खुर्चीचा कर्कश आवाज मधूनच येतो, शेजारी कोणीतरी भराभर पाने उलटत असते. आपल्यापैकी बहुतेकांचा मेंदू हे सारे आपोआप मागे सारतो, पण अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना ते एकाच वेळी आणि सारख्याच जोराने जाणवत राहते. ऑटिस्टिक माणसे हे कितीतरी वर्षे सांगत होती; अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-निकषांत संवेदनांमधील हा फरक २०१३ साली स्पष्टपणे नोंदवला गेला. अशा गदारोळात एका लयीत झुलल्याने तुमच्या भावाला सावरता येत असणार. ते बळेच थांबवले तर तो वरवर शांत दिसेल खरा, पण त्याचे सारे बळ स्वतःला आवरण्यातच खर्च होईल आणि हातातले पुस्तक मिटलेलेच राहील. स्वतःचे ऑटिस्टिकपण सतत लपवत राहणाऱ्यांमध्ये थकवा, चिंता आणि नैराश्य अधिक आढळते, असे अभ्यास सांगतात. एका खोलीतल्या शांततेसाठी ही किंमत फार मोठी आहे.

‘आमच्याच वळणात काही चुकले’ असे तुमच्या आई म्हणतात, हे वाचून वाईट वाटले. आईच्या थंड, अलिप्त वागण्यामुळे मूल ऑटिस्टिक होते, असे विसाव्या शतकाच्या मध्यात नामवंत तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत असत. त्या मताने असंख्य मातांना अपराधी ठरवले, आणि ते साफ चुकीचे होते. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, वळणाचा त्याच्याशी संबंध नाही. हे आईंना आजच सांगा.

आता वाचनालयाकडे वळू. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली असे मांडले की, ऑटिस्टिक आणि इतर माणसे यांच्यातली समजुतीची दरी दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन ओळखणे जितके अवघड जाते, तितकेच इतरांनाही त्याचे मन ओळखणे अवघड जाते. मात्र ही दरी बुजवण्याचे काम एकट्या ऑटिस्टिक माणसालाच सांगितले जाते. म्हणून ग्रंथपालांना भेटा, पण ‘समजून घ्या’ अशी मोघम विनंती करू नका. मोघम विनंतीला मान डोलावून पुढे काहीच न करणे सोपे असते.

त्याआधी भावाला विचारा. तो फारसे बोलत नाही, पण फोनवर टाइप करून नेमके सांगतो, असे तुम्हीच लिहिले आहे. कोणती वेळ बरी वाटते, कोणता दिवा डोळ्यांना खुपतो, कुठे बसायला आवडेल, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तोच कागद ग्रंथपालांपुढे ठेवा. पंख्यापासून दूर, कडेचे एक टेबल. कमी गर्दीची एक ठरलेली वेळ. कपाटांची जागा बदलणार असेल किंवा वाचनालय बंद राहणार असेल तर आगाऊ सूचना. त्याच्याशी बोलताना थोडक्यात, सरळ वाक्यात विचारणे, उत्तरासाठी थांबणे आणि ‘माझ्याकडे बघून बोल’ असा आग्रह न धरणे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. गुणगुणण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण शांततेत वाचण्याचा हक्क इतरांनाही आहे. त्यावर वेगळी खोली किंवा दूरचा कोपरा असा मार्ग तुम्ही आणि ग्रंथपालांनी मिळून काढावा लागेल.

नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि वरच्या अधिकाऱ्यांकडे जा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार वाजवी सोय नाकारण्याला भेदभावच मानतो. त्यामुळे उपकार मागत असल्याच्या सुरात बोलण्याचे कारण नाही.

इतर वाचकांना त्याच्या निदानाबद्दल सांगावे का, हे ठरवण्याचा अधिकार फक्त भावाचा आहे. त्याने नको म्हटले तर ‘त्याला असे बसल्यावर बरे वाटते’ एवढेच सांगणे पुरेसे आहे.

पुन्हा जाल तेव्हा बाहेर पडण्याची एक खूण दोघांनी आधीच ठरवून ठेवा. त्याने ती केली की प्रश्न न विचारता, समजूत न घालता त्याच्यासोबत निघा, मग आत जाऊन दहाच मिनिटे झालेली असली तरी चालेल. पुढची वेळ कोणती, हे त्याला सावकाश ठरवू द्या.