रेघ ठळक, पण शब्द फुटतात

प्रश्न : संगणकाला आरटीएल-एसडीआर डोंगल (छोटा, स्वस्त रेडिओ रिसीव्हर) लावून ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ बँडमधला डीएमआर (डिजिटल रेडिओ पद्धत) रिपीटर, म्हणजे संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र, ऐकतो. एसडीआर-शार्प या रिसीव्हर-सॉफ्टवेअरच्या वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) रेघ ठळक दिसते. आवाज व्हर्च्युअल केबलमधून (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्याला पोचवणाऱ्या सोयीतून) डीएसडी-प्लस या डीकोडरला दिला आहे. पण कधी नुसती खरखर, कधी तुटके यांत्रिक शब्द. अँटेना बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अँटेना राहू द्या. रेघ ठळक असूनही शब्द फुटत असतील, तर बिघाड बहुधा डोंगल आणि डीकोडर यांच्या मधल्या वाटेवर असतो.

सर्वांत आधी एसडीआर-शार्पमधल्या ऑडिओच्या चौकटीतली ‘फिल्टर ऑडिओ’ची खूण काढा. डीएमआरमध्ये बोलणं आवाजाच्या रूपात जातच नाही. वाहक लहर मध्यापासून दोन्ही बाजूंना ६४८ किंवा १९४४ हर्ट्झ सरकते, सेकंदाला ४८०० वेळा. या चार पायऱ्या ओळखणं एवढंच डीकोडरचं काम. ऑडिओ फिल्टर माणसाच्या कानाच्या सोयीसाठी असतो. तो खालच्या आणि वरच्या कंप्रता छाटतो, की पायऱ्या एकमेकींत मिसळल्याच. फिल्टर काढल्यावर कानाला नुसता कर्कश गुरगुराट येईल, आणि डीकोडरला हवा असतो तोच. मोड एनएफएम (अरुंद एफएम), बँडविड्थ १२,५०० हर्ट्झ, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज दाबणारी सोय) बंद. केबलच्या दोन्ही टोकांना ४८,००० हर्ट्झ ठेवा आणि विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. आवाजाची पातळीही बेताची हवी. शिखरं कापली गेली तर बाहेरच्या दोन पायऱ्या बिघडतात.

मग पीपीएम, म्हणजे फ्रिक्वेन्सीतली दशलक्षामागची चूक. ४३५ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे ४३५ हर्ट्झ. स्वस्त डोंगलचा स्फटिक ५० पीपीएम चुकला, तर फरक जवळपास २२ किलोहर्ट्झ, म्हणजे पावणेदोन चॅनल! डोंगल तापताना हा आकडा हलतो. म्हणून वीस मिनिटं चालू ठेवून, मगच नेमकी फ्रिक्वेन्सी माहीत असलेल्या रिपीटरवर दुरुस्ती बसवा. टीसीएक्सओवाल्या (तापमान बदललं तरी स्थिर राहणाऱ्या स्फटिकाच्या) डोंगलमध्ये ही कटकट जवळजवळ उरत नाही, म्हणून दोन पैसे जास्त देऊन तोच घ्यावा.

गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, ऑटोवर ठेवू नका. हाताने एकेक पायरी वाढवा; सिग्नल आणि मागचा गोंगाट सारखेच वर चढू लागले, की एक पायरी मागे या. डोंगल सिग्नलचं आकड्यांत रूपांतर करतो ते अवघ्या ८ बिटचं, त्यामुळे जवळच्या एफएम केंद्राचा जोर त्याला सहज गुदमरवतो.

प्रश्न : एका डीएमआर चॅनलवर सिंक लागतो (डीकोडरला सिग्नलची लय सापडते), कलर कोड (रिपीटरचा ओळख-आकडा) ही दिसतो, पण ऐकू येतं ते अगम्य बडबडल्यासारखं. कुठलं सेटिंग चुकलं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कलर कोड न चुकता सारखा तोच येत असेल, तर तुमची जोडणी बरोबर आहे. ते बोलणं बहुधा सांकेतिक केलेलं आहे. डीकोडर डीएमआरची मांडणी उलगडतो, किल्ली फोडत नाही. असं चॅनल हौशी रेडिओचं नसतं. ते सोडून पुढे जा.