ऑटिझम असलेल्या मुलाला सगळ्या मुलांबरोबरच्या शिबिरात घालावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा ८ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलतो थोडंच, तर मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यात त्याला सगळ्या मुलांबरोबरच्या शिबिरात घालावं की फक्त स्पेशल मुलांच्या. माझा लेक आता १२ वर्षांचा आहे, दोन्ही करून झालंय, म्हणून लिहिते.

घाला. फक्त फोनवर "आमच्याकडे सगळी मुलं चालतात" म्हणाले म्हणून लगेच पैसे भरू नका. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं, कोथरूडमध्ये घराजवळ होतं, पूर्ण महिन्याची फी आधी घेतली आणि पहिल्याच दिवशी पाऊण तासात फोन, याला घेऊन जा, टेबलाखाली जाऊन बसलाय. आता एका हॉलमध्ये पंचवीस-तीस पोरं, वर स्पीकरवर गाणी, मीसुद्धा टेबलाखाली बसले असते. फी परत मिळाली नाही ते वेगळंच.

तेव्हापासून मी आधी एकच विचारते, त्याला मधेच उठून जावंसं वाटलं तर तो कुठे बसेल आणि त्याच्याजवळ कोण थांबेल? ज्यांनी विचार केलेला असतो ते लगेच दाखवतात, ही आतली खोली, ह्या ताई. बाकीचे म्हणतात, "अहो, होईल हळूहळू ॲडजस्ट". तिथून सरळ निघायचं. आणि गेट बघून या. कडी त्याच्या हाताला लागते का, दुपारी वॉचमन असतो का, जवळ स्विमिंग टँक किंवा कॅनॉल आहे का. आपल्यातली बरीच मुलं न सांगता चालू लागतात आणि कित्येकांना पाण्याची ओढ असते, त्यामुळे असं विचारायला लाजू नका, खडूस पालक म्हणाले तरी चालेल.

दुसरं शिबिर सदाशिव पेठेत मिळालं, जेमतेम १५ मुलं. तिथल्या ताईंनी आधी चार दिवस रोज अर्धा तास नुसतं येऊन बसा म्हणून सांगितलं. मी घरून चित्रांची पट्टी नेली होती, चप्पल काढायची, गोलात बसायचं, मातीकाम, डबा, घरी. ताईंनी ती सगळ्यांसाठीच भिंतीवर लावली, तर बाकीच्या पोरांचं "ताई डबा कधी" बंद झालं, तेच जाऊन पट्टी बघायला लागले! मग टाळ्यांचा प्रॉब्लेम. आमच्याला टाळ्या सहन होत नाहीत, कान दाबून ओरडतो. एका मुलीचं गाणं संपलं, हा ओरडला, तर ताई म्हणाल्या, उद्यापासून आपण टाळ्या हात वर करून हलवून द्यायच्या. पोरांना तो खेळच वाटला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी यानेही कानावरचे हात काढून वर केले, मी दारातून बघत होते.

फक्त स्पेशल मुलांची शिबिरं वाईट नसतात हां, तिथे ओटीवाले, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं जमवायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हाताशी असतात. त्याला अजून चार मुलांचा गलकाही झेपत नसेल तर सुरुवात तिथून करा. आम्ही एक वर्ष तीन दिवस तिथे, तीन दिवस इथे असं केलं. दमछाक माझीच झाली.

जूननंतर शाळेतल्याच छंदवर्गाला किंवा खेळाला "याला नको" म्हणाले तर गप्प बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि सरकारी किंवा सरकारमान्य शाळेने शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांसारखीच द्यायची, असं त्यात लिहिलंय. बाहेरच्या खाजगी क्लासपुढे मात्र कायदा काढून फार उपयोग नाही, तिथे माणूस बघा. क्लास नदीपात्राजवळ असेल तर पावसाळ्यात संध्याकाळी एक चक्कर मारा, गणपतीआधी ढोल-ताशाचा सराव चालू झाला की आमच्याला कानावर हेडफोन लावूनही तिथे बसवत नाही.

आणि एक कागद लिहून द्या त्याच्याबद्दल, रिपोर्ट नको, साधं. आमचा "चला चला" म्हणाला की त्याला शू लागलेली असते, हे मी सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळणार. जागा बघायला मार्चमध्येच जा, एप्रिलमध्ये गेलात तर छोटे ग्रुप भरलेले असतात.