नॅट लावताना आधी हे बघ

भाऊ, नॅट म्हणजे राउटरनं डेटाच्या पॅकेटवरचा पत्ता बदलणं. लिनक्सवर ते लावताना कमांड पाठ करत बसू नकोस. पॅकेट कुठून येतं नि कुठं जातं, ते आधी कागदावर काढ.

आत १९२.१६८ चे खासगी पत्ते, बाहेर एकच. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचं पॅकेटचे नियम लावायचं साधन) पोस्टराउटिंगला, म्हणजे पॅकेट बाहेर पडतानाच्या टप्प्याला, मास्करेड (राउटरचा बाहेरचा पत्ता आपोआप लावणारा नियम) लावलंस, तरी कर्नलचं आयपी फॉरवर्डिंग ० चं १ केल्याशिवाय पॅकेट पुढे सरकणार नाही. नवशिक्यांची अर्धी दुपार इथंच जाते. बाहेरचा पत्ता कायमचा असेल तर एसनॅट बरं, त्यात तो पत्ता नियमातच लिहायचा.

आतला कॅमेरा बाहेरून पाहायचा तर प्रीराउटिंगला, म्हणजे पॅकेट आल्या आल्या, डीनॅट (पोचायचा पत्ता बदलणारा नियम), शिवाय फॉरवर्डमध्ये, म्हणजे राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांत, परवानगी. पण राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर इंटरनेटवाल्यानंच वर आणखी एक नॅट बसवलंय. मग तू कितीही पोर्ट उघड, उपयोग नाही. त्याच्याकडे स्थिर पत्ता माग.

नियम बदलूनही जुनंच चालू दिसतंय? नॅटचं टेबल जोडणीचं पहिलंच पॅकेट बघतं. चालू पिंग जुन्याच नियमानं जात राहील, ते थांबवून नव्यानं सुरू कर.

चोपड्याच्या एका जिनिंगचा राउटर मी जळगावात बसून बदलत होतो. एक ड्रॉप (पॅकेट टाकून देणारा नियम) चुकीच्या जागी पडला नि एसएसएच, म्हणजे दुरून राउटर चालवायची जोडणी, तुटलं. ऐन कापसाच्या हंगामात गाडी काढून जावं लागलं. तेव्हापासून पाच मिनिटांनी जुने नियम परत आणणारी कमांड आधी लावतो, मगच हात घालतो. तूही तसंच कर. जमलं की नियम सेव्ह करून एकदा रीस्टार्ट करून बघ, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही.