जूनटीन्थला काय करावं? आधी तो आदेश पूर्ण वाचा

ह्यूस्टनला येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं, ऑफिसच्या उपक्रम समितीत तुमचं नाव घातलंय आणि १९ जूनच्या जूनटीन्थसाठी, म्हणजे टेक्सासमधल्या गुलामांच्या मुक्तीच्या दिवसासाठी, 'काहीतरी अर्थपूर्ण करा' असं सांगितलंय. मराठी मंडळात विषय काढलात तर 'आपला काय संबंध?' म्हणून तो तिथेच थांबला. काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी २४ वर्षं टेक्सासमध्ये आहे, शुगरलँडला राहते. त्यातली पहिली बरीच वर्षं हा दिवस मला फक्त नावाने माहीत होता. जे शिकले ते उशिरा आणि चुका करून शिकले, म्हणून जरा लांब लिहितेय. सवडीने वाचा.

सगळ्यात आधी तो आदेश वाचा. जनरल ऑर्डर नंबर ३. १९ जून १८६५ रोजी मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी तो टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हस्टन शहरात काढला. सगळा मजकूर चार-पाच वाक्यांचा आहे. मी मंडळातल्या मुलांसाठी केलेलं भाषांतर देते:

'टेक्सासच्या लोकांना कळवण्यात येते की, संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षांच्या घोषणेनुसार सर्व गुलाम मुक्त आहेत. याचा अर्थ, पूर्वीचे मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्क व मालमत्तेचे हक्क यांची संपूर्ण समानता राहील, आणि त्यांच्यातले आजवरचे नाते यापुढे कामावर ठेवणारा आणि मजुरीने काम करणारा असे होईल. मुक्त झालेल्यांना सल्ला देण्यात येतो की त्यांनी सध्याच्या घरीच शांतपणे राहावे आणि मजुरीवर काम करावे. त्यांना कळवण्यात येते की, लष्करी ठाण्यांवर त्यांना जमू दिले जाणार नाही, आणि तिथे किंवा इतरत्र त्यांना आळसात पोसले जाणार नाही.'

बहुतेक पोस्टरांवर पहिलं वाक्य असतं, फार तर 'संपूर्ण समानता' हे शब्द असतात. शेवटची दोन वाक्यं कुणी छापत नाही. ज्यांनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दुसऱ्याच्या शेतात फुकट कापूस वेचला, त्यांना मुक्तीच्या दिवशी आळसाची ताकीद मिळाली. ही वाक्यं गाळू नका. दिवसाचा आनंद त्यामुळे कमी होत नाही, पण पुढे काय काय झालं ते कळायला याच वाक्यांपासून सुरुवात करावी लागते.

दुसरी गोष्ट. 'बातमी पोचायला अडीच वर्षं लागली' असं सगळीकडे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून लागू होती. टेक्सासमध्ये आदेश निघाला तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं गुलामगिरीत होती, आणि उत्तर-दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध जवळ येऊ लागलं तसे शेजारच्या राज्यांतले मालक आपली माणसं घेऊन इकडेच येत राहिले, कारण इथे उत्तरेचं सैन्य नव्हतं. मालकांना घोषणेची खबर नव्हती असं नाही. ती अंमलात आणायला कुणी आलं नव्हतं. आदेश निघाल्यावरसुद्धा कित्येकांनी पीक हाती येईपर्यंत आपल्या माणसांना काही सांगितलं नाही. केंटकी आणि डेलावेअर या राज्यांना तर लिंकनची घोषणा लागूच नव्हती. तिथली गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा कायद्याने संपली.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला मला महाड पुरतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. पाण्याला हात मात्र २० मार्च १९२७ ला लागला, बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांच्यातलं हे अंतर ज्याला कळतं, त्याला जूनटीन्थ वेगळा समजवावा लागत नाही.

आता ऑफिस. २०२१ च्या जूनमध्ये हा दिवस केंद्राची सुट्टी झाला आणि त्यानंतर आमच्याकडेही कार्यक्रम ठरला. समितीत मी होते. आमच्या विभागात एकच कृष्णवर्णीय सहकारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही त्या दिवशी पंधरा मिनिटं बोलाल का? त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथे नसते. गेली अठ्ठावीस वर्षं मी १९ जूनला माझी स्वतःची रजा टाकते. आमची सगळी भावंडं आजीच्या गावी जमतात." टेक्सास राज्याची ही सुट्टी १९८० पासूनची, पण खाजगी कंपनीला ती देणं तेव्हाही बंधनकारक नव्हतं, आजही नाही. म्हणजे मी त्यांना त्यांच्याच सणाला कामाला बोलावत होते. ज्या दिवसासाठी त्यांनी इतक्या वर्षांच्या रजा खर्ची घातल्या, त्याची माहिती मला शेजारच्या टेबलावर बसून नव्हती. मी माफी मागितली. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, पण मला ते अजून लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे की कार्यक्रमाचं ओझं कृष्णवर्णीय सहकाऱ्यांवर टाकू नका. कुणी आपणहून पुढे आलं तर आनंदाने जागा द्या. बाहेरून वक्ता बोलावलात तर मानधन द्या. फुकट बोलायला बोलावणं तर या दिवशी मुळीच शोभत नाही. आणि कार्यक्रम १९ तारखेला ठेवू नका, आदल्या आठवड्यात ठेवा. आम्ही आता दुपारी अर्धा तास बसतो. वर दिलेला आदेश मूळ इंग्रजीत सगळा वाचला जातो, आणि मग १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पातून घेतलेल्या मुलाखतींपैकी एक. गुलामगिरीतून सुटलेल्या २,३०० हून अधिक वृद्ध माणसांचे शब्द तिथे नोंदलेले आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या कुणालाही वाचता येतात, आणि टेक्सासमधल्या मुलाखतीही त्यात भरपूर आहेत. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे सांगणाऱ्यांनी किती हातचं राखून सांगितलं असेल, हेही लोकांना सांगा.

पण मला विचाराल तर या अर्ध्या तासापेक्षा सुट्टीचा पगार कुणाला मिळतो हे बघणं जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या बाई कंत्राटदाराकडून येतात. आमच्या ऑफिसने सुट्टी जाहीर केली त्या वर्षी मी कौतुकाने त्यांना सांगितलं की यंदा १९ जूनला ऑफिस बंद. त्यांनी हातातली कचऱ्याची पिशवी बांधता बांधता बोटांवर मोजलं. मे अखेरची एक, ही एक, चार जुलैची एक. दीड महिन्यात तीन दिवसांची मजुरी गेली. आमची सुट्टी म्हणजे त्यांचा खाडा. आदेशातलं 'मजुरीवर काम' हे वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आम्ही चौघांनी व्यवस्थापनाला पत्र दिलं, वर्षभर मागे लागलो, आणि कंत्राट नव्याने झालं तेव्हा सुट्ट्यांची मजुरी त्यात आली. तुम्हाला एकच काम करायचं असेल तर हे करा. पहारेकरी, उपाहारगृहातली माणसं, साफसफाईची माणसं, सगळ्यांचं विचारा.

पुण्यातल्या टीमलाही आधी कळवा. दर वर्षी तिकडून 'आज कसली सुट्टी?' असा निरोप येतो आणि इकडचं कुणीतरी 'इथली लोकल सुट्टी आहे' एवढंच लिहून मोकळं होतं. चार ओळी लिहायला काय जातं? फुल्यांच्या गावची मुलं आहेत ती, त्यांना लगेच कळेल. त्याचं कारण खाली येतंच.

खाण्याबद्दल. या दिवशी लाल पदार्थ असतात. लाल सोडा, लाल केक, अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचं सरबत, कलिंगड, आणि अर्थात बार्बेक्यू. लाल रंगाचा धागा लोक पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेतात, आणि सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणूनही सांगतात. पण ऑफिसच्या कँटीनने आपल्या मनाने कलिंगड मांडू नये. मुक्तीनंतर अनेक कृष्णवर्णीय शेतकरी कलिंगडं पिकवून, विकून स्वतःच्या पायावर उभे राहिले. ते ज्यांना खुपलं त्यांनी कलिंगड हेच त्यांच्या टिंगलीचं चित्र केलं, आणि ती व्यंगचित्रं पुढे कित्येक दशकं छापली गेली. घरच्या अंगणात खाल्लेल्या फोडीचा अर्थ आणि कंपनीने मांडलेल्या फोडीचा अर्थ एक राहत नाही. जेवण ठेवायचंच असेल तर गावातल्या कृष्णवर्णीय मालकाच्या खानावळीतून मागवा आणि काय द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. सेल आणि टी-शर्ट यांच्या वाटेला जाऊ नका. आणि शुभेच्छा द्यायला बिचकू नका. हा आनंदाचा दिवस आहे, लोक एकमेकांना 'हॅपी जूनटीन्थ' म्हणतात.

मंडळात 'आपला काय संबंध' म्हणणाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं, गॅल्व्हस्टनच्या आदेशानंतर अवघ्या आठ वर्षांनी. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथेच लिहिली. पुण्यात बसलेल्या माणसाला हा संबंध तेव्हा दिसला होता. मुलांना सांगताना मी एक भर घालते. सोडवणाऱ्यांबरोबर सुटणाऱ्यांनीही लढाई केली. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणार होते, त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.

दुसरी गोष्ट आपल्या व्हिसाची. १९४६ च्या कायद्याने भारताचा वाटा होता वर्षाला १०० माणसं. तो दरवाजा १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडला, आणि नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलली नसती तर तो कायदा झाला नसता. त्या चळवळीत मार खाल्लेली, तुरुंगात गेलेली माणसं आपल्या ओळखीची नव्हती. आपण मात्र त्याच दरवाजाने आत आलो.

तिसरी गोष्ट माझ्या घरापासून काही मिनिटांवर आहे. आमच्या गावाच्या नावातच साखर. २०१८ साली इथे शाळेच्या इमारतीचं खोदकाम चालू असताना ९५ माणसांचे सांगाडे सापडले. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' ही पळवाट ठेवली. त्या वाटेने राज्य सरकार कैदी भाड्याने देऊ लागलं, आणि उसाच्या मळ्यांत ते मरेपर्यंत राबले. त्यात अगदी कोवळी पोरंही होती. रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ, एके काळी तुरुंगात पहारेकरी होते, ते वर्षानुवर्षं सांगत होते की या जमिनीत माणसं पुरलेली आहेत. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि २०२० मध्ये ते गेले. मी त्याच रस्त्याने मुलीला कथकच्या क्लासला सोडत असे. आता मंडळाची मुलं घेऊन आम्ही वर्षातून एकदा त्या जागी जातो, फुलं ठेवतो आणि पाच मिनिटं गप्प उभे राहतो. भाषण कुणी करत नाही.

मंडळाने स्वतःचा जूनटीन्थ भरवावा असं मात्र मला वाटत नाही. आपण पाहुणे म्हणून जावं. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमध्ये इमॅन्सिपेशन पार्क आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी, जॅक येट्स हे त्यांच्यातले एक धर्मोपदेशक, १८७२ मध्ये आपसात वर्गणी काढून ती दहा एकर जागा घेतली, कशासाठी तर हाच दिवस साजरा करायला जागा हवी म्हणून. इतर बागांत त्यांना जाता येत नव्हतं तेव्हा बरीच वर्षं हीच त्यांची बाग होती. वर्गणी काढून सण करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तिथे सहकुटुंब जा, संयोजकांना स्वयंसेवक लागतात का ते महिनाभर आधी विचारा, आणि खुर्च्या मांडायला सांगितल्या तर खुर्च्या मांडा.

मुलांना ओपल ली यांच्याबद्दल जरूर सांगा. १९ जून १९३९ ला फोर्ट वर्थमध्ये गोऱ्या जमावाने त्यांच्या कुटुंबाच्या नव्या घराची नासधूस करून ते जाळलं, तेव्हा त्या १२ वर्षांच्या होत्या. ८९ व्या वर्षी, २०१६ मध्ये, ही सुट्टी देशभर व्हावी म्हणून त्या वॉशिंग्टनच्या दिशेने चालायला निघाल्या. मुक्काम ठरलेले, आणि ठिकठिकाणी अडीच मैल, अडीच वर्षांच्या उशिराची आठवण म्हणून. सुट्टीच्या कायद्यावर सही झाली तेव्हा त्या तिथे हजर होत्या.

यंदा आम्ही पाच-सहा घरं पुन्हा गॅल्व्हस्टनला जाणार आहोत. स्ट्रँड आणि २२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ग्रेंजर यांच्या कचेरीची जागा आहे, शेजारच्या भिंतीवर २०२१ मध्ये काढलेलं 'संपूर्ण समानता' हे भलंमोठं चित्र आहे. तिथून रीडी चॅपल हे जुनं चर्च जवळच आहे. सकाळी सात वाजता शुगरलँडहून निघायचं. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, यायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. टोपी आणि पाण्याच्या बाटल्या घ्या, समुद्राकाठचं जूनचं ऊन सोसवत नाही. आणि वरच्या आदेशाचा कागद छापून आणा, मागच्या वेळी आमच्याकडे एकच प्रत होती आणि मुलांना ती एकमेकांच्या खांद्यावरून वाचावी लागली.