फुकटचं सॉफ्टवेअर टाकल्यापासून कॉम्प्युटरवर जाहिराती येताहेत, फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न असा आहे: गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एका फुकटच्या साइटवरून उतरवलं, आणि त्या दिवसापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिराती येतात, गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान उघडतं, मशीन हळू झालंय. तालुक्याचा कॉम्प्युटरवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल.

लगेच मारू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून निदान दोन वेगवेगळे आजार दिसतात, आणि तिसरा असू शकतो जो दिसत नाही. मला काळजी त्या तिसऱ्याची आहे. पण आधी दिसतंय ते काढू.

मी यवतमाळ जिल्ह्यात असंच दुकान चालवतो. सातबारा, पीक विमा, जातीचे दाखले, शिष्यवृत्त्या, आता शेतकरी ओळखपत्र. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांसोबत महाडीबीटीचा फॉर्म भरायला आली होती. शेजारच्या गावची, बारावी करून कॉलेजात नुकतंच नाव घातलेलं. मी फॉर्म भरतोय, ती खुर्चीवर बसून मार्कशीट दाखवतेय, आणि उजव्या कोपऱ्यात एका बाईचा घाणेरडा फोटो वर आला. मी घाईघाईत बंद केला तर त्याच्या जागी दुसरा आला. मुलीनं मान खाली घातली ती फॉर्म संपेपर्यंत वर केली नाही. वडील एवढंच म्हणाले, "हे काय होय भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. मॉनिटर बंद केला, त्यांना चहा सांगितला आणि पुढचा फॉर्म मोबाइलवर भरून दिला. त्या रात्री दुकान बंद झाल्यावर बसून मी हे सगळं मुळापासून समजून घेतलं, कारण आपल्याकडे येणारी माणसं आपल्यावर विसंबून येतात.

तो फोटो व्हायरस नव्हता. ते क्रोमचं नोटिफिकेशन होतं. तुमच्याकडे पुन्हा येईल तेव्हा नीट पाहा, चित्राच्या आणि मजकुराच्या जवळ बारीक अक्षरांत एका साइटचं नाव असतं. तीच साइट ते पाठवते, आणि तसं करायची परवानगी तिला आपणच दिलेली असते. माझ्या दुकानात बसणाऱ्या पोरानं दिली होती. त्याला विचारलं तर म्हणे, "तिथं लिहून होतं, रोबोट नसशीन तं अलाऊ दाब. म्या दाबलं." त्या पोराचा दोष नाही, ते पान बनवलेलंच तसं असतं. एकदा अलाऊ दाबलं की साइट बंद केली तरी क्रोम मागे चालू असेपर्यंत जाहिराती येत राहतात.

काढायला पाच मिनिटं लागतात. क्रोमच्या वरच्या तीन टिंबांतून सेटिंग्जमध्ये जा, तिथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइटींची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका, आणि वर जो पर्याय आहे तो कोणत्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा करून ठेवा. दुकानाच्या मशीनवर कोणत्याच साइटच्या नोटिफिकेशनची गरज नसते. एज हा ब्राउझर वापरत असाल तर तिथेही हेच करा, आणि मोबाइलच्या क्रोममध्येही. माझा अनुभव असा, की "व्हायरस आला" म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक फोन एवढ्यानंच ठीक होतात.

कधी पूर्ण स्क्रीनभर लाल पान येतं, भोंगा वाजतो, "तुमचं विंडोज लॉक झालं, या नंबरवर फोन करा" असं लिहिलेलं असतं. तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या सूचनेत फोन नंबर कधीच देत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका.

आता दुसरा आजार, सर्चचं पान बदलल्याचा. हा टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबतच आला असणार. फुकटच्या डाउनलोड साइटवर एकाच पानावर चार-पाच डाउनलोडची बटणं असतात, आणि सगळ्यात मोठं हिरवं बटण बहुतेकदा जाहिरातीचं असतं. ते दाबलं की मूळ सॉफ्टवेअर येत नाही, एक-दोन एमबीची छोटी फाइल येते. व्हीएलसी प्लेयरचा खरा इन्स्टॉलर चाळीस एमबीच्या आसपास असतो, त्यामुळे दोन एमबीचा "व्हीएलसी" दिसला की समजा हा दुसराच कोणी आहे. ही छोटी फाइल चालवली की ती नेटवरून आणखी चार गोष्टी आणते आणि प्रत्येकीसाठी "नेक्स्ट" विचारते. आपल्याला घाई असते, बाहेर चार माणसं उभी असतात, आपण नेक्स्ट-नेक्स्ट करत जातो. तिथेच "रेकमेंडेड" ऐवजी "कस्टम" निवडलं असतं तर आधीच टिक केलेले चौकोन दिसले असते.

हे चुकून घडत नाही, हा धंदा आहे. 2016 साली गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास मांडला होता. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला चिकटवून आपलं सॉफ्टवेअर एका मशीनमध्ये घुसवलं की दर मशीनमागे 10 सेंटपासून दीड डॉलरपर्यंत पैसे मिळतात. म्हणजे तुम्ही दाबलेल्या प्रत्येक नेक्स्टचे कोणाला तरी पैसे मिळाले. नावाजलेली साइट असली म्हणजे निर्धास्त राहावं, असंही नाही. सोर्सफोर्ज ही एके काळी मोफत सॉफ्टवेअरची सगळ्यात भरवशाची जागा होती. 2013 मध्ये तिथं इन्स्टॉलरला जाहिरातींची जोड सुरू झाली, 2015 मध्ये गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि 2016 मध्ये मालक बदलल्यावर ते बंद झालं. म्हणून माझा नियम एकच, सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं त्याच्याच साइटवरून घ्यायचं. गूगलवर शोधल्यावर वरच्या "स्पॉन्सर्ड" लिहिलेल्या ओळीही सोडून द्यायच्या.

काढायचं कसं? कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्स अँड फीचर्स उघडा आणि "इन्स्टॉल्ड ऑन" या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सगळं तारखेनं लागेल. टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्या दिवशी टाकलं त्या तारखेला आणखी काय-काय आलंय ते दिसेल. माझ्या मशीनवर त्या एका तारखेला सहा गोष्टी होत्या, एक हवामान दाखवणारी, एक पीसी "फास्ट" करणारी, एक ड्रायव्हर शोधणारी. सगळ्या काढा. मग क्रोमचे एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, पाहा, अनोळखी काढा, सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान परत गूगल करा. एवढं करूनही तेच पान उघडत असेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि "टार्गेट"ची ओळ शेवटपर्यंत वाचा. ती क्रोम डॉट ईएक्सईवर संपायला हवी. पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. मला हे सापडायला दोन दिवस गेले होते.

यानंतर मालवेअरबाइट्सचा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर त्यांच्याच साइटवरून घेऊन एकदा फिरवा. तो फुकट आहे आणि नेमक्या अशाच कचऱ्यासाठी आहे. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस तुमच्याकडे आहेच, त्याचा फुल स्कॅन रात्री लाइन असेल तेव्हा लावून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ऑफलाइन स्कॅन करा. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडू शकतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात, मध्ये लाइन जाऊ नये एवढं बघा. आणि विंडोज सिक्युरिटीत, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये, "पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग" नावाचं बटण आहे, ते चालू करा. पुढच्या वेळी असलं जोडसामान डिफेंडर स्वतःच अडवेल.

आता तिसरा. जाहिरात निदान समोर दिसते. हेर दिसत नाही. मीही एकदा चुकलो. ऑफिसचं पॅकेज विकत घ्यायचं नव्हतं म्हणून एका साइटवरून ते फुकट चालू करणारं छोटं टूल उतरवलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. मी बंद केला. काम झालं, जाहिरात एकही नाही, मशीन हळूही नाही. नऊ दिवसांनी रात्री 2 वाजता दुकानाच्या वॉलेटमधून 4,300 रुपये गेले. क्रोममध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड त्या टूलनं उचलून नेले होते, आणि लॉगइन झालेल्या साइटींच्या कुकीजही, म्हणजे आपण आत आहोत हे साइटला सांगणाऱ्या बारक्या नोंदी. कुकी हाती लागली की पुष्कळ ठिकाणी चोराला ओटीपीचीही गरज पडत नाही. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पैसे परत आले नाहीत. असं झालं तर फोन त्याच तासात करा. मी सकाळपर्यंत थांबलो आणि तोवर पैसे पुढे निघून गेले होते.

तेव्हा आठवून पाहा. या सगळ्यात कधी कुणी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं का? विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालू करणारं एखादं क्रॅक, अ‍ॅक्टिव्हेटर, "की" टाकली होती का? उत्तर हो असेल तर जाहिराती गेल्या म्हणून समाधान मानू नका. दुसऱ्या चांगल्या मोबाइलवरून ईमेलचा पासवर्ड आधी बदला, मग बँक, मग पोर्टलचे, आणि प्रत्येक ठिकाणी "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" करा. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलले तर नवेही जातील.

आणि तुमचं डाउनलोड्सचं फोल्डर उघडून पाहा. माझ्यात त्या दिवशी गावातल्या तीनशेच्या वर माणसांचे आधार, पासबुकची पानं, फोटो, अंगठ्याचे स्कॅन पडून होते. पीक विम्याच्या गर्दीत कोण पुसत बसतो! पण ते कागद आपले नाहीत. ज्या म्हातारीनं पदराच्या गाठीतून आधार काढून आपल्या हातात दिलं, तिला हे कधी कळणारही नाही, आणि तिच्या नावावर कुठे काय झालं तर ती येऊन विचारणारही नाही. तेव्हापासून दुकान बंद करताना मी ते फोल्डर रिकामं करतो, रिसायकल बिनसकट.

क्रॅकचा संशय असेल तर मात्र फॉरमॅट मारा, पण कोणाकडून मारता ते बघा. आपल्याकडे तीनशे-चारशे रुपयांत जो फॉरमॅट मारून मिळतो, त्याच्या पेनड्राइव्हमधलं विंडोजच बऱ्याचदा क्रॅक केलेलं असतं, आणि ते चालू ठेवायला त्यात पुन्हा तसलंच टूल असतं. त्याला सांगा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनव. तुमचं मशीन कंपनीच्या विंडोजसह आलं असेल तर तेच विंडोज त्याच मशीनवर पुन्हा टाकल्यावर, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. बॅकअप फक्त कागदपत्रांचा घ्या, जुन्या इन्स्टॉलरच्या फाइली नकोत.

राहिलं मराठी टायपिंग, ज्याच्यापायी हे झालं. त्यासाठी काही उतरवायची गरजच नाही. विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथं मराठी भाषा टाका, तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन मराठी फोनेटिक जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजीतून मराठीत आणि परत. इंग्रजी अक्षरांत "shetkari" लिहिल्यासारखं टाइप केलं की "शेतकरी" होतं. गूगलनं आपलं टायपिंगचं जे जुनं विंडोजचं सॉफ्टवेअर देणं बंद केलं, तेच आता भलत्या साइटी आपल्या नावानं वाटतात. तुम्ही उतरवलेलं तेच असावं असा माझा अंदाज आहे.

आधी नोटिफिकेशनची यादी साफ करा. त्यानंतरही कोपऱ्यात काही आलं तर बंद करायची घाई न करता खालचं बारीक नाव कागदावर उतरवून घ्या आणि मला कळवा, पुढचं आपण मिळून पाहू.